भांडण नव्हतं, तरी वकील केला

आमच्यात भांडण नव्हतं, हे आधीच सांगते. मारहाण, दारू, हुंडा, तिसरं माणूस, यातलं काहीही नव्हतं. दहाएक वर्षांचा संसार, एक मुलगी, आणि एका छपराखाली राहून वेगवेगळ्या दिशेला गेलेली दोन माणसं. असं का झालं ते आमच्या दोघांचं आहे, ते इथे लिहिणार नाही. लिहायचंय ते वेगळं होण्याच्या कागदांविषयी. माझा घटस्फोट झाल्यापासून ओळखीतल्या कितीतरी बायका, आणि काही पुरुषही, मला एकच प्रश्न विचारत आलेत: ‘तुमचं तर सगळं ठरलेलं होतं, मग वकिलाला पैसे कशाला दिलेत?’

ठरलेलं होतं हे खरं. एका रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही दोघांनी बसून वहीच्या पानावर लिहून काढलं होतं. बेळगावातला अनगोळचा फ्लॅट मला, त्याचे हप्ते मी भरणार. मुलगी माझ्याकडे, तिच्या खर्चाला ते महिन्याला पैसे देणार. सोनं ज्याचं त्याला. मला पोटगी नको. मुलीला भेटायला त्यांनी केव्हाही यावं. अर्ध्या पानात मावलं सगळं. मी एका मराठी शाळेत शिकवते, ते उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. दोघांनाही लिहिता-वाचता येतं, दोघांनाही व्यवहार कळतो. मग तिसरं माणूस मध्ये कशाला, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

वडीलधाऱ्यांचा सल्ला आणखी सोपा होता. माझं माहेर बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, सासर सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. दोन्हीकडच्या गावांत अजूनही सोडचिठ्ठीची पद्धत लोकांच्या डोक्यात पक्की आहे. ‘बाँड घ्या, चार पंचांच्या सह्या घ्या, नोटरीचा शिक्का मारा, सुटलात,’ असं सासरकडचे एक काका म्हणाले. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता, त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलंय. पण हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे, आणि त्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. एखाद्या समाजात रूढीने घटस्फोट चालत आला असेल तर कायद्याच्या २९व्या कलमात त्याला जागा आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नुसत्या बाँडवर सही केलेला माणूस कायद्याच्या नजरेत विवाहितच राहतो. त्याने दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल ठरतं, वर फौजदारी गुन्हा होतो, आणि दुसऱ्या लग्नाच्या बाईची अवस्था पहिलीपेक्षा वाईट होते. मला पुन्हा लग्न करायचं नव्हतं. त्यांचं सांगता येत नव्हतं, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्यात आमच्या अर्धवट कागदाने खोडा घालावा हे मला नको होतं.

‘फॅमिली कोर्टात वकील लागतच नाही’ असंही कुणी सांगितलं. यात तथ्य आहे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ सालचा, त्याच्या १३व्या कलमाप्रमाणे तिथे वकील देण्याचा पक्षकाराला हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. बेळगावात कुटुंब न्यायालय आहे आणि तिथे बाजू आपणच मांडायची असते, न्यायाधीश आपल्याशीच बोलतात. पण आमच्या बाबतीत वकिलाचं खरं काम कोर्टाच्या दालनाबाहेर झालं, आणि बहुतेक अर्ज दाखल होण्याच्या आधीच झालं.

निर्णय झाला तो माझ्या थोरल्या भावाच्या एका वाक्याने. तो म्हणाला, ‘पटायलंय तवरच कागद पक्का कर. उद्या पटंनासं झालं की सहीला कोण येतंय?’

ज्या वकीलबाईंकडे गेले त्यांचं ऑफिस चन्नम्मा चौकाजवळ, कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यांनी माझी कहाणी विचारली नाही. वहीचं पान वाचलं आणि तारखा विचारायला सुरुवात केली. लग्न कुठे झालं, शेवटचं एकत्र कुठे राहिलात, वेगळे कधीपासून. मला वाटलं होतं, सगळ्यात अवघड प्रश्न पैशाचे असतील. पहिला पेच निघाला तो कुठल्या कोर्टात जायचं याचा.

सीमाभागात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आलं आणि तोवर बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात गेला. आमच्या सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. लग्न त्या बाजूला, संसार या बाजूला, ही गोष्ट इथे घरोघरी आहे. हिंदू विवाह कायद्याचं १९वं कलम सांगतं की लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात, किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो, तिथल्या कोर्टात जाता येतं. अर्जदार बायको असेल तर ती राहते तिथेही जाता येतं, ही सोय २००३ साली आली. म्हणजे आम्हाला कोल्हापूर जिल्ह्यातलं कोर्टही उघडं होतं आणि बेळगावचंही. सासरकडचे म्हणत होते तिकडे करा, सगळं मराठीत होईल. त्यात मलाही सोय दिसत होती.

मॅडमनी त्यापुढचा विचार केला. समजा उद्या पैशावरून किंवा मुलीवरून काही निघालं आणि एकाने तिकडे, एकीने इकडे अर्ज टाकला, तर? बेळगावचं कोर्ट कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतं, चंदगडकडचं मुंबई उच्च न्यायालयाखाली. दोन वेगळ्या राज्यांतल्या कोर्टांमधला दावा एका जागी आणायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तासाभराच्या अंतरावरच्या दोन गावांसाठी दिल्ली! म्हणून आम्ही शेवटचं एकत्र राहिलो ते बेळगाव, मुलीची शाळा बेळगाव, फ्लॅट बेळगाव, तर सगळं बेळगावातच, असं ठरलं आणि तडजोडीच्या कागदात त्यामागची कारणंही लिहिली गेली. आमच्या अर्ध्या पानात हे कुठेच नव्हतं.

भाषेचं काय ते त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवलं. आम्ही बेळगावची मराठी माणसं बाजारात, बसमध्ये, ऑफिसात कन्नड बोलतो, मीही बोलते. पण कोर्टाच्या कागदातली कन्नड आणि इंग्रजी ही बोलण्याची भाषा नव्हे, तिथला एक शब्द चुकीचा समजला तर घर जाऊ शकतं. अर्जाचा प्रत्येक परिच्छेद मॅडमनी मला मराठीत वाचून दाखवला, आणि मजकूर मराठीत समजावून सांगितला गेला व तो मला मान्य आहे अशी ओळ प्रतिज्ञापत्राच्या शेवटी घातली. लग्नाचा दाखला महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा, मराठीतला. त्याचं भाषांतर करून जोडलं. नावांचा घोळ तर आमच्या भागातल्या प्रत्येक घरात असतो. माझं आधार कार्ड कन्नड आणि इंग्रजीत, बी.एड.चं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, शाळेतली नोंद सासरच्या नावाची, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यांच्या कागदांत एक, माझ्या कागदांत दुसरं. मॅडमनी अर्जाच्या शीर्षकातच ‘उर्फ’ लावून सगळी रूपं लिहिली. तेव्हा मला ते फार बारीक काम वाटलं होतं. पुढे बँकेत एका अक्षरावरून माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाचं काम परत गेलेलं पाहिलं, तेव्हा त्याची किंमत कळली.

मग वेगळे कधीपासून, हा प्रश्न. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब, ते १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आलं. अर्ज करण्याआधी किमान वर्षभर दोघं वेगळे राहत असले पाहिजेत. आम्ही एका घरात राहूनच बराच काळ वेगळे होतो. त्यानंतर त्यांनी वडगावात खोली घेतली. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, त्यासाठी घरं दोन असलीच पाहिजेत असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टा देवी खटल्यात म्हटलेलं आहे. ते मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मला आधीची तारीख धरायची होती, म्हणजे लवकर सुटका. मॅडम म्हणाल्या, शपथेवर लिहायचं ते दाखवता आलं पाहिजे. खोलीचा भाडेकरार हातात होता, त्याच्यावरची तारीख धरली.

त्याचा परिणाम असा की मधला सहा महिन्यांचा काळ आम्हाला टळला नाही. पहिला अर्ज आणि दुसरी हजेरी यांच्यामध्ये कायद्याने सहा महिने ठेवलेत, आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरी हजेरी व्हावी लागते. २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. पण त्यासाठी अर्जाच्या आधीच वेगळं राहण्याला दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत, पोटगी-मुलांचं सगळं खरोखर मिटलेलं असावं, असे निकष आहेत. आमचं वर्ष नुकतंच भरत होतं. बसत नाही ती मागणी करून पहिल्याच दिवशी कोर्टाच्या मनात शंका का आणायची, हा मॅडमचा निर्णय होता आणि मला तो पटला. नेटवर ‘आठवड्यात घटस्फोट’ म्हणून जे फिरतं, ते वाचणाऱ्यांनी हे दीड वर्षाचं नीट बघावं.

आता त्या अर्ध्या पानाकडे येते.

‘फ्लॅट मला’ ही ओळ दोन शब्दांची. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. आपण आपसात काय ठरवतो याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं, दोघांनी सह्या केल्यात तर दोघंही कर्जदार. कोर्टाने हुकूमनाम्यात फ्लॅट मला असं लिहिलं तरी त्यांचं नाव कर्जातून आपोआप निघत नाही. मालकीचंही तसंच. घटस्फोटाचा अर्ज हा काही फ्लॅटचा दावा नव्हे, त्यामुळे त्यांचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर यायचा तर हक्कसोडपत्र करून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं, मुद्रांक भरावा लागतो, मग महानगरपालिकेत घराच्या खात्यावरचं, म्हणजे मिळकतीच्या नोंदीवरचं, नाव बदलावं लागतं. हे सगळं कुणी, केव्हा, कुणाच्या खर्चाने करायचं? बँकेने माझ्या एकटीच्या पगारावर कर्ज ठेवायला नकार दिला तर? या प्रत्येकाचं उत्तर आम्हाला तेव्हा, एकमेकांशी नीट बोलत असताना, द्यावं लागलं. भावाला जामीन म्हणून उभं करायचं ठरलं. मी बँकेत जाऊन आधीच चौकशी करून आले आणि त्या चौकशीवरच तो मजकूर तयार झाला.

याच ठिकाणी दुसरा वकील आला. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ‘मसुदा मी करते, पण मी तुमची वकील आहे. त्यांनी तो दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्यावा.’ संमतीच्या घटस्फोटात दोघांना मिळून एकच वकील करण्याची पद्धत आहे, स्वस्त पडतं. ह्यांनाही तेच हवं होतं. मला मात्र मॅडमचं म्हणणं फार सरळ वाटलं: जो कागद एकाच बाजूच्या डोळ्यांनी वाचलेला असतो त्यावर पुढे ‘मला फसवलं’ असं म्हणायला जागा राहते. त्यांनी गावाकडच्या ओळखीतला एक तरुण वकील धरला. त्या मुलाने मसुदा वाचून लगेच विचारलं, हिने हप्ते चुकवले तर? तोवर बँकेच्या कागदावर ह्यांचं नाव असेल तर वसुली ह्यांच्याकडेही येणार, ह्यांना पुढे कुठलं कर्ज मिळणार नाही. तो प्रश्न रास्त होता. नाव निघेपर्यंत हप्ता भरल्याची पावती मी दर महिन्याला त्यांना पाठवायची, आणि सलग हप्ते थकले तर काय करायचं, ही कलमं त्याने घातली. मला त्यात अपमान वाटला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच हवं असतं.

पोटगीचं मात्र मला जड गेलं. ‘मला काही नको’ हे वाक्य मी फार अभिमानाने लिहिलं होतं. आमच्याकडे नवऱ्याकडून पैसे घेऊन वेगळ्या झालेल्या बाईविषयी लोक काय बोलतात ते लहानपणापासून ऐकलेलं असतं. मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘तुमचं तुम्ही सोडा किंवा घ्या, तो तुमचा अधिकार. पण मुलीचं तुम्ही सोडू शकत नाही, ते तुमचं नाहीच.’ अल्पवयीन मुलाला पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवरही आहे, १९५६ च्या दत्तक व पोषण कायद्यात ते स्पष्ट आहे, आणि आईने कागदावर लिहून दिल्याने बाप त्यातून सुटत नाही. ‘महिन्याला पैसे देणार’ या ओळीचं मग एक पानभर झालं: किती, कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी त्यात धरलेली की वेगळी, दवाखान्याचा मोठा खर्च आला तर निम्मा-निम्मा, दहावीनंतर पुढच्या शिक्षणाचं काय. आज जी रक्कम भरपूर वाटते ती मुलगी कॉलेजात जाईपर्यंत किती उरणार, हा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

आणि माझ्या स्वतःविषयी त्यांनी एकच विचारलं: शाळेला अनुदान आहे का? नाही. पेन्शन? नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २५व्या कलमाखाली पोटगी हुकूमनाम्याच्या वेळी मागता येते आणि नंतर केव्हाही मागता येते, त्यामुळे कागदावर काहीच न लिहिणं हे त्यांच्यासाठीही धोक्याचं, माझ्यासाठीही. मी रात्रभर विचार केला. शेवटी एकरकमी थोडी रक्कम घ्यायची, ती पूर्ण व अंतिम धरायची, आणि मुलीचा हक्क त्यापासून वेगळा ठेवायचा, असं मी ठरवलं. त्यांनी एका शब्दाने कमी-जास्त केलं नाही. ती रक्कम मी मुलीच्या नावाने ठेवीत टाकली. तो माझा निर्णय, कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

सोन्याचं लवकर झालं. आईने घातलेल्या पाटल्या, लग्नातलं त्यांच्याकडचं, माझ्या पगारातलं, सगळ्याची वजनासकट यादी केली, सराफाकडून तोलून घेतली, दोघांनी सह्या केल्या. स्त्रीधन बाईचंच, पण यादी नसेल तर तेही तोंडी राहतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘मुलीला केव्हाही भेटा’ या ओळीत. आम्हाला ती ओळ फार उदार वाटत होती. मॅडमनी विचारलं, केव्हाही म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी? रात्री दहाला? आणि तुम्ही ‘आज नको’ म्हणालात तर त्यांनी काय करायचं? मग वार ठरले, वेळा ठरल्या, आणायचं कुणी, सोडायचं कुणी हे ठरलं. गणपतीत दीड दिवस चंदगडला आजी-आजोबांकडे, गावच्या जत्रेला एक दिवस. त्यांच्या वकिलाने लिहून आणलं, ‘दिवाळीची सुट्टी वडिलांकडे.’ मी शिक्षिका असल्याने ते माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला जेमतेम सणाचे दिवस. तिकडे महाराष्ट्रात तिच्या चुलत भावंडांना सुट्टी दिवाळीत. उन्हाळ्याचंही तसंच: आमच्याकडे एप्रिलमध्ये सुट्टी लागते आणि जूनच्या तोंडाशी शाळा भरते, तिकडे शाळा जूनच्या मध्यावर. कागदावर ‘दिवाळीची सुट्टी’ एवढंच राहिलं असतं तर बापाच्या वाट्याला दोन दिवस आले असते, आणि त्याला वाटलं असतं मी दिले नाहीत. आम्ही ‘कर्नाटक शाळेच्या दिनदर्शिकेप्रमाणे दसऱ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग, आणि दिवाळीत पाडवा-भाऊबीज’ असं लिहिलं. पासपोर्ट, शाळा बदलणं, दुसऱ्या गावी राहायला जाणं, ऑपरेशनसारखी गोष्ट, यांत दोघांची लेखी संमती. रोज रात्री फोन. ताबा आणि भेटीविषयीचा हुकूम मुलांच्या गरजेप्रमाणे पुढे बदलून मागता येतो, ही सोय हिंदू विवाह कायद्याच्या २६व्या कलमात आहे, तेही मॅडमनी मुद्दाम सांगितलं, म्हणजे आजचं लिहिलेलं मुलीच्या गळ्यात कायमचं बांधलंय असं आम्हाला वाटू नये.

पहिल्या हजेरीला दोघांनाही विचारलं गेलं, समुपदेशकांकडे पाठवलं गेलं. समेटाचा प्रयत्न करणं हे कुटुंब न्यायालयाचं कर्तव्यच आहे, त्याचा राग धरू नये. मग सहा महिने थांबायचं.

त्या सहा महिन्यांविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण वकील कशाला या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. आमचं दोघांचं पटलेलं होतं, पण आमच्यामागे दोन घरं होती. त्यांचे थोरले भाऊ एक दिवस म्हणाले, फ्लॅटला तुझेही पैसे गेलेत, अर्धा हिस्सा का सोडतोस? बेळगावात जागेचे भाव काय झालेत बघ. बोलणं चुकीचं नव्हतं, सख्ख्या भावाला तसं वाटणारच. ते माझ्याकडे आले ते अस्वस्थ होऊन. भांडले नाहीत. ‘दादा म्हणतोय त्यात चूक काय हे मला सांगता येईना झालंय,’ असं म्हणाले. माझ्याही पोटात गोळा आला, कारण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. तो कायदाच आहे.

मी काही बोलले नाही. त्यांना त्यांच्या वकिलाकडे जायला सांगितलं. त्या मुलाने त्यांच्यासमोर तडजोडीचा कागद ठेवला आणि हिशेब वाचून दाखवला: आजवरचे हप्ते कुणी किती भरले, उरलेलं कर्ज किती, ते कोण भरणार, एकरकमी रक्कम त्यामुळेच लहान का ठेवली. सगळं त्यात लिहिलेलं होतं, कारणासकट. एकाने माघार घेतली तर तोवर दिलेले पैसे आणि वस्तू परत करायच्या, हेही लिहिलेलं होतं. रक्कमही एकदम दिलेली नव्हती. काही भाग पहिल्या हजेरीला, उरलेला दुसऱ्या हजेरीच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. म्हणजे कुणाचंच काही अडकलेलं नव्हतं, आणि कुणाला घाईने सही केल्यासारखंही वाटत नव्हतं. ते कागद घेऊन गावी गेले आणि भावाला वाचून दाखवला. परत आले ते शांत होऊन. वहीचं अर्धं पान घेऊन ते गेले असते तर भावाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्यांच्याकडे माझ्यावरच्या विश्वासाखेरीज काहीच नसतं, आणि घटस्फोट घेणाऱ्या माणसाने बायकोवरच्या विश्वासाचा दाखला भावाला कसा द्यायचा?

दुसऱ्या हजेरीला न्यायाधीशांनी आम्हाला विचारलं, कुणाचा दबाव आहे का, अटी समजल्यात का, मुलीचं काय. मी मराठीत उत्तर दिलं, ते तसं नोंदवून घेतलं गेलं. भेटीचं वेळापत्रक जोडलेलं पाहून त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. ड्राफ्ट दिला-घेतला, आणि हुकूमनामा झाला. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, कुटुंब न्यायालय कायद्याच्या १९व्या कलमात ते आहे. सही करण्याआधी दोन वकिलांनी एकेक ओळ का तपासली, त्याचं हे आणखी एक कारण.

त्यानंतरची कामं रुक्ष आहेत, पण राहू देऊ नयेत. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती एकापेक्षा जास्त काढून ठेवाव्यात, बँक, सब-रजिस्ट्रार, महानगरपालिका, शाळा, प्रत्येक जण मागतो. घटस्फोट झाला म्हणून विमा, भविष्यनिर्वाह निधी, बँक खातं यांवरचं वारसनोंदीचं नाव आपोआप बदलत नाही, तिथे जाऊन अर्ज द्यावा लागतो. हक्कसोडपत्राला ते ठरल्या दिवशी चंदगडहून आले. बँकेने माझ्या भावाचा जामीन घेऊन त्यांचं नाव कमी केलं.

पैशाचं विचारणाऱ्या बायकांसाठी एवढं सांगते. फी किती ते पहिल्याच दिवशी विचारावं, मसुद्याची वेगळी, हजेरीची वेगळी असते का ते विचारावं, आणि लिहून घ्यावं. तेही झेपत नसेल तर १९८७ च्या कायदेशीर सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पुरुषांना साधारणपणे उत्पन्नाची मर्यादा आहे, पण तेही विचारू शकतात. बेळगावात जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. जाताना लग्नाचा दाखला किंवा लग्नपत्रिका आणि फोटो, दोघांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, वेगळं राहत असल्याचा काही पुरावा, आणि घर असेल तर त्याच्या महानगरपालिकेतल्या खात्याचा उतारा व कर्जाचे कागद न्यावेत. मराठीतले कागद असतील तर ते तसेच न्या, भाषांतर कुठून आणि कसं करायचं ते तिथे सांगतात.